सुरुंग पेरलेला चर

"जेंटलमेन, लीडर मी आहे," माणिकनं चौथ्यांदा इंग्रजीतून सांगितलं. बाकीच्या तिघांनीही चौथ्यांदा त्याला तेच ऐकवलं.

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या क्वार्टरांमागे पाण्याच्या पाइपसाठी चर खणून ठेवला होता. सात फूट रुंद, कमरेइतका खोल. फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार गुलाबरावांनी रविवारच्या सकाळपुरता तो ताब्यात घेतला होता. बारावीतली ही चार पोरं एनडीएची लेखी परीक्षा पास झाली होती आणि आठ दिवसांनी त्यांना भोपाळला मुलाखतीला जायचं होतं. तिथं गटानं असेच अडथळे पार करायला लावतात, त्याचा हा सराव. निवड झाली की पुढचं सगळं शिक्षण सरकारी खर्चानं; अट एवढीच, की वय साडेएकोणीसच्या आत हवं. माणिकचे वडील प्लांटात क्लार्क होते आणि त्याच्या पाठीवर तीन बहिणी. त्याच्यापुढे दुसरं कॉलेज नव्हतंच.

"चरात सुरुंग पेरले आहेत," सुभेदारांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. "पाय टेकला की मेलात. एक डांबराचा रिकामा ड्रम, दोन फळ्या, एक दोरी. ही वाळूची गोणी घेऊन सगळ्यांनी पलीकडं जायचं. वेळ पंधरा मिनिटं."

फळ्या पाच-पाच फुटांच्या होत्या. चौघांतल्या उमाकांतच्या बेतात एकानं ड्रममध्ये बसायचं होतं, पण बसायला कोणी तयार नव्हतं. माणिकनं दोरी छातीशी धरून ठेवली होती. ज्याच्या हाती दोरी तो लीडर, असा त्याचा हिशेब.

बारावं मिनिट चालू असताना मागून गडगड आवाज आला. माणिकची आई कलावती आणि शेजारच्या रत्नमालाकाकू भरलेलं सिलिंडर जमिनीवरून लोटत आणत होत्या. चरामुळे गॅसवाल्यानं ते रस्त्यावरच उतरवलं होतं. माणिकनं मान फिरवली.

"काय करून राहिले रे तुमी?" कलावतीनं विचारलं.

"आई, डिस्कशन चालू आहे."

"चालू द्या. ह्या फळ्या कोनाले लागते का आता?"

ती चरात पाय टाकणार तोच सुभेदार ओरडले, "वहिनी, थांबा! सुरुंग आहेत!"

"काल तं कुत्री झोपली होती इथं," कलावती म्हणाली. "बरं, नाई उतरत." तिनं माणिककडे हात केला. "आन ती दोरी."

त्यानं दिली.

तिनं दोरी दुहेरी करून ड्रमला घातली. दोघींनी विहिरीत घागर सोडावी तसा तो चरात उभा सोडला, फळीच्या टोकानं ढकलत मध्यावर नेला आणि दोरी ओढून घेतली. एक फळी अलीकडून ड्रमवर, दुसरी ड्रमवरून पलीकडे. कलावती पदर खोचून पार गेली. सिलिंडरला दोरी बांधली होती. ती पुढून ओढत होती, रत्नमालाकाकू मागून रेटत होत्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. बोलणं चाललं होतं ते कांद्याच्या भावाचं.

पलीकडे गेल्यावर रत्नमालाकाकूंनी दोरी निरखून पाहिली. "अवं, हे तं माहीच कपडे वाळवाची दोरी होय!" त्यांनी ती गुंडाळून काखेत मारली.

"माणिक," कलावतीनं हाक मारली, "तुमचं झालं असंन तं ये, तिकून धर."

"येस सर," माणिकच्या तोंडून निघून गेलं.

तिघं पोरं खो खो हसली. सकाळपासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. लालेलाल झालेला माणिक फळ्यांवरून पळत गेला आणि सिलिंडर उचलू लागला.

सुभेदार हसले नाहीत. हातातलं घड्याळ थांबवून ते वहीत 'निवडीस योग्य' या मथळ्याखाली एक नाव लिहीत होते. मग चराच्या काठाशी येऊन त्यांनी अदबीनं विचारलं, "वहिनी, वय काय तुमचं?"

"कावून?"

"रेकॉर्डला लागते."

"एकेचाळीस."

सुभेदारांची पेन्सिल थांबली. त्यांनी लिहिलेल्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं आणि मग, जवळचं कोणी बदली होऊन चाललं असावं तशा चेहऱ्यानं, तिच्यावर एक रेघ ओढली.