खुब्याचं दुखणं

म्हातारीच्या खुब्याच्या जखमेतून पुन्हा पू आला, तेव्हा डॉक्टरांनी आधी मुलीकडे पाहिलं. ड्रेसिंग तीच करत होती.

बसवलेल्या सांध्यात जंतू शिरले होते. एकदा उघडून, धुऊन झालं. आता सगळी मदार गोळ्यांवर, आणि त्या बदलूनही गुण येत नव्हता. असंच चाललं तर सांधा काढावा लागेल, डॉक्टर म्हणाले. मग चालण्याचं नाव नको.

"हात धुते का, ते विचारा तिला," म्हातारी पलंगावरून म्हणाली. "लहानपणापासून गबाळी."

मुलीने मान खाली घातली. पट्टी बांधताना तिची लांब बाही वर सरकली. मनगटावर भाजल्याचे गोल डाग होते. म्हातारी खेकसली, "बाही खाली कर आधी."

आईच्या सेवेला म्हणून ती माहेरी आली, त्याला बरेच महिने झाले होते. दिवसभर म्हातारी हातातली पोकळ काठी फरशीवर आपटून तिला बोलवायची. मध्यंतरी त्या काठीत काहीतरी खुळखुळायचं. हल्ली तेही बंद झालं होतं. काठीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मात्र तिला खपायचा नाही.

संध्याकाळी जावई फळं घेऊन आला. बोलणं नेहमीसारखं साखरेत घोळलेलं. सासूबाई स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, की त्याच दिवशी बायकोला घरी नेणार होता. मुलीने बाही बोटांपर्यंत ओढून घेतली.

"खुशाल न्या, जावईबापू," म्हातारी म्हणाली. "मला तरी कुठे हौस आहे हिला पोसायची?"

मुलानेही बहिणीला फैलावर घेतलं. तुझ्या हलगर्जीपणाने आई पांगळी होणार, म्हणाला. म्हातारीने त्याला अडवलं नाही.

रडं आवरत मुलीने आईला गोळी दिली, वर पाणी पाजलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. जावयाचे बूट जिन्यावरून खाली वाजत गेले. तो आवाज पार विरेपर्यंत म्हातारी दाराकडे बघत राहिली. खुब्यात ठणका उठला, तसे तिने दात आवळले.

मग गालातली गोळी बोटाने काढली आणि काठीच्या टोकाचं रबरी बूच उपटलं. आतली नळी गोळ्यांनी काठोकाठ भरली होती.

"अगं ए गबाळे," तिने हाक मारली, "उद्या मला नवी काठी आण."