चार नळ्या आणि एक काटा

पाण्यात उतरणाऱ्याला पहिला धडा : तोंड बुडव आणि फुंक.

बिडाचा एक काळाकुट्ट ठोकळा, दबा धरून बसलेल्या बेडकासारखा.

"उद्या पाचपर्यंत येतो. पटली तर लगेच घेऊन जातो." फोनवर चष्म्याचा दुकानदार.

काचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

चार चकचकीत नळ्या, खोक्यात, वर्तमानपत्राच्या बोळ्यांत.

हे सगळं एकाच गाडीचं. गाडी ताई आणि बारक्या या बहीणभावाची, निम्मी-निम्मी. बारक्याच्या डोक्यावरचे केस निघून गेले होते, नाव मात्र चिकटून होतं. गाडीत सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरून आत हवा कोंबणारा पंप. तरी चढ आला की ती धापा टाकायची. एक शेवटचा बदल करू, नाहीतर विकून मोकळं होऊ, असं बारक्याने जाहीर केलं होतं आणि चष्म्याचा दुकानदार हे गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं. ताईला विकायची नव्हती. त्या गाडीपायीच तर भाऊ दर आठवड्याला तोंड दाखवायचा.

बदल कोणता, हे ठरवायची पाळी तिची होती. रंग ठरवताना ती गप्प बसली होती आणि गाडी मोहरीच्या रंगाची झाली होती.

"लहान पुली घे म्हटलं होतं," बारक्या म्हणाला. "पुली लहान, पंप जोरात, हवा जास्त. सगळे आधी तेच करतात. आणि ही बया धुराच्या नळ्या घेऊन आली!"

"हेडर्स म्हणतात त्यांना."

"नळ्याच की."

"पोरं पाण्यात घाबरी होतात ना," ताई म्हणाली. ती पोहायला शिकवायची. "ती श्वास घेता येत नाही म्हणून नाही होत. आधीचा सोडलेलाच नसतो. त्यात वरून आणखी काय कोंबणार?"

"गाडी आहे ही, ताई. तुझा तलाव नाही."

"बरं, मग माझ्या निम्म्या गाडीला बसवा," ती गॅरेजच्या मिस्त्रींना म्हणाली.

"मला मध्ये घेऊ नका," गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला. "बोल्ट गंजलेत. मी दोन्ही निम्म्यांना सारख्याच शिव्या देतोय."

शेवटी बिडाचा तो जुना ठोकळा निघाला. चारही सिलिंडरांचा धूर एकाच आखूड घशात ढकलणारा. त्याच्या जागी चार नळ्या बसल्या. प्रत्येकीचं वळण वेगळं, लांबी सारखी. पार खाली गेल्यावर एकत्र येणाऱ्या. बारक्याने किल्ली फिरवली. आधी घशातून बोलणारी गाडी छातीतून बोलली. तो किल्लीवरचा हात काढायला विसरला.

तिघं निघाले. मिस्त्री मागच्या सीटवर, गुडघे कानाशी. सरळ रस्ता लागताच बारक्याने पाय दाबला आणि नजर दाबाच्या काट्यावर ठेवली. पूर्वी काटा जिथपर्यंत जायचा, तिथे त्याने बायकोच्या नेलपॉलिशने ठिपका दिला होता. काटा ठिपक्याच्या बराच अलीकडे थांबला.

त्याने गाडी कडेला घेतली.

"गेली. होतं तेही गेलं! दाब पडलाय, ताई. बघ तुझ्या नळ्यांचे गुण."

ताईने बघितलं. काटा खरंच कमी दाखवत होता. मिस्त्रींनी उतरून बॉनेट उघडलं, हवेच्या पाइपांचे सांधे एकेक करून चाचपले, कान लावून ऐकले.

"गळती नाही कुठे," ते म्हणाले आणि मान खाजवत उभे राहिले. "काटाही ठीक आहे. मग भानगड काय?"

"काटा मोजतो काय?" ताईने विचारलं.

"आत कोंबलेल्या हवेचा दाब."

"आणि कोंबलेली हवा अडून न राहता पुढे गेली तर?"

मिस्त्रींनी बॉनेट लावलं. मग पुन्हा उघडून आत बघितलं, जणू हवा दिसणार होती. "तर... दाब कमीच होणार की."

बारक्याने एकदा तिच्याकडे, एकदा मिस्त्रींकडे बघितलं. "म्हणजे इतकी वर्षं मी तुंबलेल्या हवेवर खूश होतो?"

"नेलपॉलिश लावून," ताई म्हणाली. "आता चढावर घे. तिथे काय ते कळेल."

पाण्याच्या टाकीचा चढ त्यांना पाठ असलेला. शाळेच्या भिंतीपाशी वळण, आणि वळणावर बारक्या नेहमी गिअर उतरवायचा. तोंडाने "चल गं, चल गं" करत. वळण आलं. त्याचा हात गिअरकडे गेला, तिथे जरा रेंगाळला आणि परत स्टिअरिंगवर आला. "चल गं" म्हणायचं राहूनच गेलं. भिंत मागे पडली, झाडं मागे पडली, टाकी समोर आली. गाडीला दम लागलेला नव्हता.

वर पोचल्यावर त्याने इंजिन चालूच ठेवलं.

"काटा कुठवर गेला होता?" मिस्त्रींनी मागून विचारलं.

"कोण बघतंय," बारक्या म्हणाला.

ताईने खिडकीची काच खाली केली. नळ्यांचा सूर आत आला. मागच्या मिस्त्रींनी, विचारलं नसतानाही, "वा" म्हटलं.

"पाच वाजत आले," ती म्हणाली. "तुझं गिऱ्हाईक येऊन ताटकळेल."

"ताटकळू दे. आपण खाली जाऊन पुन्हा एकदा वर येऊ. या वेळी तू चालव."

चष्म्याच्या दुकानदाराला बारक्याने सकाळीच, गाडी गॅरेजात नेण्याआधी, येऊ नका म्हणून कळवलं होतं.