गुरू मावळल्यावरही

गुरू ग्रहाच्या रेडिओलहरी नेमक्या कुठून उठतात, हे ती दोन अँटेना लावून शोधत होती. स्पीकरवर तो आवाज किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांसारखा येई. दुपारी गुरू मावळला, पण लाटा थांबेनात.

"तुझा गुरू ओव्हरटाइम करतोय वाटतं," शेजारच्या खोलीतून नवरा म्हणाला. तोही याच वेधशाळेत कामाला होता.

तिने अँटेना फिरवून उगमाची दिशा पुन्हा मोजली. पडद्यावरच्या वेधशाळेच्या नकाशात दोन्ही अँटेनांच्या दिशारेषा शेजारच्या खोलीतच येऊन मिळाल्या.

"अरे, जरा इकडे ये बघू."

तो येऊन तिच्यासमोर उभा राहिला. नकाशावर रेषांचा छेदबिंदूही सरकत सरकत तिच्या खोलीत आला.

"काय झालं गं?"

त्याचे ओठ हलले नव्हते. शब्द स्पीकरमधून आले होते.