शंभरावं घर

"मामी, तुम्ही चक्क गुडघ्यांवर?"

नणंदेची सून धापा टाकत चर्चच्या दाराशी उभी होती. मास्तरीणबाई बाकाला धरून उठल्या. तीनच आठवड्यांपूर्वी बोलवायला आलेल्या याच सुनेला त्यांनी दारातून परत पाठवताना सांगितलं होतं, "गुडघे धरलेत गं. दोन गल्ल्याही चालवत नाही. आईंना सांग."

"आई गेल्या," सून म्हणाली. "अर्धा तास झाला."

मास्तरीणबाईंनी वेदीकडे पाहिलं. येशूच्या मूर्तीवर जांभळं कापड होतं. ईस्टरला अजून नऊ दिवस होते.

थंडीतच डॉक्टरांनी नणंदेच्या आजारापुढे हात टेकले होते. ईस्टरपर्यंतचा उपासकाळ सुरू झाला, त्या राखेच्या बुधवारी फादर म्हणाले, "साखर सोडणं सोपं. जे सोडताना जीव तुटेल, ते सोडा. आणि त्याचा गवगवा नको." कपाळावरची राख पुसायच्या आत मास्तरीणबाईंनी ठरवून टाकलं. नवरा गेल्यापासून त्यांना एकच सुख उरलं होतं. चार वाजता नणंदेच्या खाटेवर बसून सापशिडी खेळायची. नणंद पक्की लबाड. सापाच्या तोंडी आली की फासा पुन्हा टाकायची. वर म्हणायची, "जन्मभर गणित शिकवलंस ना मास्तरीण? मग हरतेस कशी?" बावीस वर्षांत मास्तरीणबाई दहा-बारा डाव जिंकल्या असतील. तरी रोज जेवण झालं की घड्याळाकडे बघत बसायच्या.

तेच सोडलं. नणंदेच्या जिवासाठी.

चार वाजता जपमाळ. दिवसातून एकदाच जेवण. सकाळी इस्पितळात जाऊन अनोळखी म्हाताऱ्यांना चमच्याने दूध भरवायचं. गवगवा नको, म्हणून नणंदेलाही कळू दिलं नाही. देवाने एवढं घ्यावं आणि तिला ठेवावं, एवढंच मागणं होतं.

सुनेमागोमाग त्या घरात शिरल्या. नणंद भिंतीकडे तोंड करून निजल्यासारखी. उशाशी पट मांडलेला होता. नणंदेची हिरवी सोंगटी सातव्या घरात अडकलेली. मास्तरीणबाईंची लाल सोंगटी शंभराव्या घरात.

"कोणाबरोबर खेळत होती?"

"एकट्याच. रोज चारला मला म्हणायच्या, उशी लाव, बसव. 'मास्तरीण येईल गं, तोवर तिचाही फासा मीच टाकते.' आजसुद्धा."

मास्तरीणबाई खाटेच्या कडेला, आपल्या जागेवर बसल्या. फासा हातात घेतला. तो अजून कोमट आहे असं त्यांना वाटलं.

सुनेने डोळे पुसले. "लबाडी काही शेवटपर्यंत सुटली नाही हो, मामी. तुमच्या सोंगटीला साप लागला, की हळूच उचलून पुढे ठेवायच्या."