दुसरी बाही

कवटी उघडी असूनही बोरगिल्डआजी जाग्या होत्या आणि नातीच्या स्वेटरची दुसरी बाही विणत होत्या. हात शाबूत राहतो का पाहायला डॉक्टर ओद्वारनेच सुया दिल्या होत्या. मेंदूतल्या गाठीचा शेवटचा तुकडा उरला होता. मेंदूचा नकाशा काढणाऱ्या यंत्राने पडद्यावर तो हिरवा दाखवला: खुशाल कापा. ओद्वारने आधी तिथे, टेकवलेली जागा तेवढ्यापुरती बंद पाडणारी विजेची बारीक सळई टेकवली. सुया थांबल्या. "मेल्या, बोटं कुठे पळवलीस माझी?" आजी म्हणाल्या. "तुकडा ठेवला तर गाठ परत येईल," सहायक कुजबुजली. "यंत्र चुकत नाही." सळई उचलताच सुया पुन्हा चालू लागल्या. ओद्वारने तुकडा तसाच सोडून कवटी बंद केली. तिसऱ्या हिवाळ्यात गाठीनेच आजी गेल्या. दफनाला ओद्वार मान खाली घालून उभा होता. शेजारी नात त्याच स्वेटरमध्ये होती. वाढत्या हातांसाठी आजींनी बाह्यांना दोनदा नवी लोकर जोडली होती.