नऊ नेम

आईच्या मयतीला मॅनेजर लॉयडसरांनी बेसिलला वसईला जाऊ दिलं नव्हतं. त्यामुळे कंपनीच्या वाळवंटातल्या पिकनिकला निघाल्यावर आखातातल्या अजमानपासून बसमध्ये तो सगळ्यांना सांगत होता, "आज चान्स मिळू दे, त्याला सोडत नाही."

चान्स मिळाला. आयर्लंडहून आलेल्या ट्रेनरने तिथल्या पुराणातली गोष्ट सांगितली. वीरांच्या टोळीत शिरायचं तर ढाल घेऊन कमरेइतक्या खड्ड्यात उभं राहायचं आणि समोरून नऊ जणांनी भाले फेकायचे. ज्याला साधा ओरखडा उठला, तो बाद.

लॉयडसर हसत वाळूच्या खड्ड्यात उतरले. ढालसुद्धा नको म्हणाले. भाल्यांऐवजी बेसिलसकट नऊ जणांच्या हातात टेनिसचे चेंडू आले.

"यल्ला, चला, फेका!" सर ओरडले.

बेसिलने दातओठ खात हात उगारला. सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चेंडू चार हात लांब वाळूत पडला आणि उरलेले आठही तिथेच जाऊन पडले.

"सॉरी सर, नेम चुकला," बेसिल म्हणाला आणि पहिली टाळीही त्यानेच वाजवली.

"भीती नाही वाटली?" ट्रेनरने कौतुकाने विचारलं.



पँटची वाळू झटकत सर म्हणाले, "कसली भीती? यांना नोकरीवर मीच निवडून घेतलंय."