तात्यांचा हात

स्क्रीनवरचा ठिपका पुन्हा नाचला आणि भारतीच्या हातातलं फडकं थांबलं. स्पिंडलला काही झालं नव्हतं. मच्छिंद्रतात्यांचाच हात हलला होता.

नगरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात ट्रॅक्टरचे स्पिंडल बनत. तात्या तपासणीचा पेन्सिलीएवढा प्रोब त्यांच्यावरून फिरवत. त्यानं लोखंडात विजेचे भोवरे उठत. कुठं केसाएवढी चीर असली की भोवरा अडखळे आणि ठिपका उडे. पण धरणाऱ्याचा हात हलला तरी तो उडे, हीच तर गोम होती. भारतीचं काम स्पिंडल पुसून देण्याचं. पुसणाऱ्यानं पुसावं, मशीनला हात लावू नये, असा साहेबांचा दंडक.

तात्या रिटायर व्हायला अजून वर्ष होतं. साहेबांना हाताचं कळलं तर म्हाताऱ्याला आजच घरी बसवतील, या धास्तीनं तिला घास गोड लागेना. तात्यांवर तिचा भारी जीव.

"भारती, जरा धर की," तात्या हळूच म्हणाले. "दाबू नगं. बाळाच्या टाळूला तेल लावतीस, तसं."

तिनं धरला. मग रोजच धरू लागली. तात्या दारावर नजर ठेवत आणि ती चुकली की न रागावता पुन्हा करायला लावत. सख्ख्या बापानं शिकवलं नसतं इतक्या मायेनं शिकवलं त्यांनी.

एके दिवशी तात्यांचं लक्ष कुठं होतं कोण जाणे, साहेब थेट आत आले. प्रोब भारतीच्या हातात. तात्यांचा काही दोष नाही, हौस माझीच, असं तिनं सांगून टाकलं. साहेबांनी तिच्यापुढं नमुन्याचे स्पिंडल ठेवले. चिरेचा तेवढा तिनं अचूक बाजूला काढला. तात्या रिटायर झाले तेव्हा त्यांची जागा तिलाच मिळाली.

त्या रविवारी ती पेढे आणि वैद्यांकडचं मालिशचं तेल घेऊन तात्यांच्या गावी, देवळाली प्रवरेला गेली. त्या हातानं बिचारे जेवत तरी कसे असतील, हेच वाटभर तिच्या मनात.

अंगणात तात्या आपल्या थकल्या वडिलांची, कोंडीरामबाबांची, दाढी करत होते. उघडा वस्तरा थेट गळ्यावर. भारती जागीच थबकली.

"बाबा, भ्या न्हाई वाटत?" तिच्या तोंडून निघून गेलं.

कोंडीरामबाबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"कशाचं भ्या, पोरी? आजवर कधी हललाय व्हय ह्याचा हात?"